नॉर्मलच आलंय की!

दंडावरचा पट्टा सोडायच्या आत प्रश्न येतो, "ताई, किती आली?" नळीत रक्त आत्ता कुठं उतरलेलं असतं. ते अजून आत जायचंय, फिरायचंय, मशीनवर चढायचंय. तरी समोरचा माणूस माझ्या तोंडाकडं असा बघतो की बाईनं रंगावरूनच ओळखलं असणार. मी गंगाखेडच्या एका लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम करते. पालम, सोनपेठ, राणीसावरगाव अशी चहूकडून माणसं येतात, आणि चिठ्ठीवर काहीही लिहिलेलं असलं तरी आलेली असतात 'शुगर बघायला'. किडनी बघायला आलोय असं म्हणणारा अजून मला भेटायचाय.

उपाशीपोटी या म्हणून आदल्या दिवशी बजावलेलं असतं. सकाळी विचारायचं, "चहा घेतला का?" "घेतला, पण खाल्लं काहीच नाही बगा." चहा हा आमच्याकडं खाण्यात धरत नाहीत, आणि त्यातली दोन चमचे साखर तर कुणीच धरत नाही. काहीजण याच्या उलट. तपासणीचं ठरलं की दोन दिवस आधीपासून भात बंद, गोड बंद, रात्री नुसतं वरण पिऊन झोपायचं. आकडा चांगला आला की लॅबच्या खाली उतरून पहिलं काम जिलेबीचं. जेवणानंतरच्या शुगरची तर वेगळीच तऱ्हा. पहिल्या घासापासून दोन तास मोजायचे असतात, पण एसटी दीड तासानं असते. "आत्ताच घ्या की ताई, अर्ध्या तासानं काय फरक पडतो?" पडतो. शिवाय त्या दोन तासांआधी घरचं नेहमीचं जेवण जेवायचं असतं. आकडा बरा यावा म्हणून दोन बिस्किटांवर भागवलं, तर मग तपासायचं काय? त्यातून आषाढी झाली की पुढच्या आठवड्यात आमच्याकडं गर्दी. एकादशी अन् दुप्पट खाशी, तीही साबुदाणा आणि भगर. उपवासाला शुगर कामून वाढली, हा प्रश्न दरवर्षी नव्यानं पडतो. भाकरीनं शुगर वाढत नाही हा समजही असाच पक्का. ज्वारीची भाकरी मैद्याच्या पावापेक्षा केव्हाही बरी, पण चार खाल्ल्या तर चारांची साखर होणारच.

रक्त नेहमी तीन नळ्यांत जातं. लोक विचारतात, एवढं कशाला? करड्या झाकणाची नळी शुगरची. तिच्यात सोडियम फ्लोराइडची पूड असते, कारण रक्त शरीराबाहेर आलं तरी त्यातल्या तांबड्या पेशी जिवंतच असतात आणि नळीतली साखर खात बसतात. साध्या नळीत ठेवलं तर तासाला पाच ते सात टक्के साखर अशी कमी होत जाते, उन्हाळ्यात आणखी. परभणीचा पारा ४३-४४ वर जातो तेव्हा दूरच्या गावावरून मोटारसायकलच्या डिक्कीत आलेला साध्या नळीतला नमुना मी परत पाठवते. त्या नमुन्यातून चांगला आकडा निघतो, पण तो चांगुलपणा उन्हाचा असतो. जांभळ्या झाकणाची नळी एचबीएवनसीची. तिसरी क्रिएटिनिनची, तिच्याकडं येतेच.

एचबीएवनसीला इथं 'तीन महिन्यांची शुगर' म्हणतात, आणि म्हणणं बरोबर आहे. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. तेवढ्या काळात रक्तातली साखर तिच्यातल्या हिमोग्लोबिनला चिकटत जाते आणि चिकटलेली सहसा सुटत नाही. म्हणून किती टक्के हिमोग्लोबिनला साखर चिकटली ते मोजलं की मागच्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज येतो. त्यातही शेवटच्या महिन्याचा वाटा जवळपास निम्मा. सॅम्युअल रहबार नावाच्या इराणी डॉक्टरांना १९६८ च्या सुमारास तेहरानमध्ये मधुमेहींच्या रक्तात हे वेगळं हिमोग्लोबिन दिसलं, तिथून ही तपासणी उभी राहिली. ६.५ आणि त्यावर मधुमेह, ५.७ ते ६.४ ही सावध व्हायची जागा. आधीच मधुमेह असेल तर बहुतेकांना ७ च्या आत ठेवा म्हणतात. ७ म्हणजे सरासरी साखर १५४ च्या आसपास, आणि पुढं एकेका टक्क्याला २९ ची भर. दोन दिवस वरण पिऊन आलेल्या माणसाची उपाशी शुगर ११० येते आणि एचबीएवनसी ९.४. म्हणजे सरासरी २२० च्या वर. तो म्हणतो मशीन बिघडलं. मशीनवर मी रोज सकाळी कंट्रोल, म्हणजे आकडा आधीच ठाऊक असलेला नमुना, लावलेला असतो, त्यामुळं मी गप्प बसते.

पण या तपासणीलाही फसवणारं रक्त आमच्या भागात भरपूर. बायकांचं हिमोग्लोबिन आठ-नऊ असणं इथं नवं नाही. लोह कमी पडून रक्त कमी असेल तर एचबीएवनसी उगीच थोडं जास्त दिसतं. उलट पेशी लवकर मरत असतील, नुकतंच रक्त चढवलेलं असेल, किंवा किनवट-माहूरकडं आढळतो तसा सिकलसेल असेल, तर आकडा खोटा खाली येतो. म्हणून जांभळ्या नळीतून मी सीबीसीपण, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करून घ्या असं डॉक्टरांना सुचवते. एका आकड्यावर विसंबून गोळ्या बदलू नयेत एवढंच त्यामागं.

लघवीकडं येते. डीएमएलटीला, म्हणजे लॅबचं शिक्षण घेत असताना, आम्ही लघवीतल्या साखरेसाठी बेनेडिक्टची परीक्षा करायचो. निळ्याशार द्रावणात आठ थेंब लघवी टाकायची, नळी चिमट्यात धरून स्पिरिटच्या दिव्यावर उकळायची, आणि बघत राहायचं. निळ्याचं हिरवं, हिरव्याचं पिवळं, मग नारिंगी, शेवटी विटेसारखं लाल. आमचे सर सांगायचे, तालुक्याच्या गावात एका आजीच्या लघवीत दरवेळी लालभडक साखर यायची आणि रक्तात काही नसायचं. शेवटी कळलं की आजी नमुना खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत आणत होत्या, न धुता. साखर त्या औषधाची. आता बेनेडिक्ट गेलं, पट्टी आली, पण लघवीतली साखर अजूनही गोंधळ घालतेच. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की मगच ती लघवीत उतरते, त्यामुळं लघवीत नाही म्हणजे मधुमेह नाही, असं काही नसतं. आणि हल्ली डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या आल्यात. त्यांचं कामच साखर लघवीवाटे बाहेर काढायचं, आणि त्या किडनीलाही राखतात. अशी गोळी चालू असलेला माणूस पट्टीवरचे चार अधिक बघून घाबराघुबरा होतो. गोळी नेमकी तेच करत्येय हे त्याला समजावायला मला वेळ लागतो.

लघवीची खरी किंमत मात्र साखरेसाठी नाही, अल्ब्युमिनसाठी आहे. इथंच गाडी अडते. रक्त द्यायला कुणी कुरकुरत नाही, डबी पुढं केली की चेहरे बदलतात. "रक्त घेतलं की! लघवी कशाला?" बायका पदर तोंडाला लावतात. पुरुष म्हणतात आत्ताच करून आलो. डबी परत येते ती रिकामी, किंवा येतच नाही. आणि किडनीचं पहिलं लक्षण बहुतेक वेळा त्या डबीतच असतं, रक्ताच्या कितीतरी आधी.

किडनीची गाळायची जागा चांगली असते तेव्हा अल्ब्युमिनसारखं मोठं प्रथिन सहसा खाली सुटत नाही. साखर आणि रक्तदाब वर्षानुवर्षं चढे राहिले की ज्वारी चाळायच्या चाळणीची भोकं सैल व्हावीत तसं होतं, आणि थोडं थोडं अल्ब्युमिन लघवीत यायला लागतं. हे 'थोडं' एवढं थोडं असतं की नेहमीच्या पट्टीला ते दिसत नाही. पट्टीवर 'निल' आलं म्हणून सुटलो असं नाही. त्यासाठी वेगळी तपासणी लागते: लघवीतलं अल्ब्युमिन भागिले लघवीतलंच क्रिएटिनिन, म्हणजे एसीआर. भागायचं अशासाठी की तांब्याभर पाणी पिऊन आलेल्याची लघवी पातळ असते आणि तहानलेल्याची घट्ट. नुसतं अल्ब्युमिन मोजलं तर पाण्यानंच निकाल फिरेल. एक ग्रॅम क्रिएटिनिनमागं ३० मिलिग्रॅमच्या आत ठीक. ३० ते ३०० हा पट्टा असा की माणसाला काहीही होत नसतं, पायाला सूज नाही, जेवण चांगलं, झोप चांगली. याच पट्ट्यात असताना हाती लागलं तर पुष्कळ काही करता येतं. इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच दाखवून दिलं की हे एवढंसं अल्ब्युमिन पुढच्या किडनीच्या आजाराची वर्दी देतं. आमच्याकडं ती वर्दी घ्यायलाच कुणी तयार नसतं.

आता एका मावशींची गोष्ट सांगते. वय ६८. जन्म दुसऱ्याच्या रानात खुरपण्यात गेलेला, अंगावर मांस म्हणून नाही. मधुमेह जुना. पाऊस पडून सोयाबीनची उगवण झाली होती तेव्हाची गोष्ट. मावशींच्या हातात कापड दुकानाची पिशवी. पिशवीत सातबाऱ्याचा उतारा, आधारची झेरॉक्स, कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका, आणि सगळ्यात खाली घडी घालून घालून चिंध्या व्हायला आलेले आमच्याच लॅबचे दोन जुने रिपोर्ट. पाकिटावर नाव नीट लिहायचं म्हणून मी ते उघडले. क्रिएटिनिन सहा वर्षांपूर्वी ०.७, तीन वर्षांपूर्वी ०.९, आणि त्या दिवशीचं आलं १.१. आमच्या कागदावर बायकांसाठी ०.६ ते १.१ असं छापलेलं असतं. तिन्ही आकडे त्याच्या आत. ठळक अक्षर एकालाही नाही. मावशींचा मुलगा सोबत होता, तो वाचून म्हणाला, "नॉर्मलच आलंय की!"

क्रिएटिनिन हा स्नायूंचा कचरा. रोज ठराविक तयार होतो, किडनी तो बाहेर टाकते. तो मोजायची पद्धत केवढी जुनी आहे हे ऐकून मी शिकताना चकित झाले होते. मॅक्स याफे या जर्मन शास्त्रज्ञानं १८८६ साली लिहून ठेवलं की अल्कलीमध्ये पिक्रिक ॲसिड आणि क्रिएटिनिन एकत्र आले की नारिंगी-लाल रंग येतो. आज आमच्या मशीनमध्ये, पडद्यावर वगैरे सगळं नवं असलं, तरी आत तोच रंग मोजला जातो. आम्ही त्याला 'जाफे मेथड' म्हणतो. नवी एन्झाइमची पद्धत आहे, महाग आहे.

मुद्दा असा की कचरा किती तयार होतो ते स्नायूंवर ठरतं. तालमीतल्या पोराच्या अंगात जास्त, वाळलेल्या म्हातारीच्या अंगात कमी. म्हणून तोच १.१ दोघांच्या कागदावर आला तरी अर्थ दोन. वय आणि बाई की पुरुष हे धरून एक सूत्र किडनीच्या गाळायच्या वेगाचा अंदाज देतं, त्याला ईजीएफआर म्हणतात. हल्ली वापरतात ते सूत्र २०२१ चं. तीस वर्षांच्या पुरुषाचं १.१ या सूत्रात घाला, वेग येतो ९३, म्हणजे उत्तम. मावशींचं १.१ घाला, येतो ५५. तीन महिन्यांहून जास्त काळ ६० च्या खाली राहिला तर त्याला जुनाट किडनीविकार म्हणतात. मावशींचे तिन्ही रिपोर्ट मी पेन्सिलनं मांडले: ९८, ७१, ५५. सहा वर्षांत जवळजवळ निम्मा वेग गेला होता, आणि तिन्ही वेळा कागद म्हणत होता नॉर्मल. शिवाय हे सूत्रही परदेशी शरीरांवरून बांधलेलं. कमी स्नायूंच्या, मांस न खाणाऱ्या आपल्याकडच्या माणसांत ते किडनीला प्रत्यक्षापेक्षा जास्त मार्क देतं, असं इथल्या अभ्यासांत दिसलंय. म्हणजे ५५ हीही कदाचित मेहेरबानीच.

कागदावरची ती रेंज खोटी असते असं मला म्हणायचं नाही. ती गर्दीची असते. तिला मावशी माहीत नाहीत, त्यांचे दंड माहीत नाहीत, आणि त्यांचा सहा वर्षांपूर्वीचा आकडा तर मुळीच माहीत नाही. तो आकडा फक्त कापड दुकानाच्या पिशवीत होता. लोक रिपोर्ट डॉक्टरांना दाखवून झाला की टाकून देतात, चुलीत घालतात, पोराच्या वहीला कव्हर घालतात. शेताचे कागद आजोबांच्या काळापासून जपून ठेवणारी माणसं आपण, पण रिपोर्ट मागच्या दिवाळीचाही सापडत नाही. आणि लॅबवाल्यांनाही सांगायला हवं: क्रिएटिनिनच्या खाली ईजीएफआरची ओळ छापायला वेगळं रक्त लागत नाही, नुसतं वय टाकावं लागतं. तरी अजून कितीतरी ठिकाणी छापत नाहीत. माझ्या मते हा निव्वळ आळस आहे.

मी पेशंटला निदान सांगायचं नसतं. आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमना तीन कागद दाखवले. त्यांनी मावशींच्या डॉक्टरांना फोन केला आणि डॉक्टरांनी एसीआर मागवलं. मावशी डबी बघून लाजल्या. मी सोबत गेले, दाराबाहेर उभी राहिले, नळ सोडून ठेवला. एसीआर आलं २१०. एकदाच्या नमुन्यावर शिक्का मारत नाहीत. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, आदल्या दिवशीची अंगमेहनत, कशानंही ते वाढतं. तीन ते सहा महिन्यांत तीनदा तपासून दोनदा जास्त आलं तर मग धरायचं. सकाळची पहिली लघवी सगळ्यात चांगली.

याच सुमाराला एक निवृत्त गुरुजी यायचे. ते एकदा पेढे घेऊन आले, मधुमेहाचा माणूस आणि पेढे! म्हणाले, "ताई, माझी शुगर आपोआप उतरली. इन्सुलिन अर्ध्यावर आलं. पथ्य तेच, चालणं तेच." एचबीएवनसी ६.१. आधी कायम आठच्या वर असायचं. मी अभिनंदन करायला तोंड उघडलं आणि क्रिएटिनिनकडं नजर गेली: ४.३. इन्सुलिन शरीरातून काढून टाकायच्या कामात किडनीचा मोठा वाटा असतो. ती थकली की टोचलेलं इन्सुलिन रक्तात जास्त वेळ रेंगाळतं, साखर खाली येते, कधी कधी पहाटे एकदम घाम फुटून पडण्याइतकी खाली. वर किडनी गेली की रक्तही कमी होतं, तांबड्या पेशी लवकर मरतात, म्हणून एचबीएवनसी आणखीच गोड बोलतं. गुरुजींना ज्याचा आनंद झाला होता ती आजाराची पुढची पायरी होती. पेढे मी टेबलावर ठेवून दिले. त्यांना त्या दिवशी सांगितलं डॉक्टरांनी, मी नाही, आणि त्याबद्दल मला बरंच वाटलं.

गुरुजी आता आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जातात. सरकारी दवाखान्यात ते फुकट होतं, केंद्राची योजना २०१६ पासून आहे. फुकट म्हणजे सुईपासून मशीनपर्यंत. एसटी, सोबतच्या माणसाचा बुडालेला दिवस, दोघांचा डबा हे त्यात येत नाही. चार तास मशीनवर, येऊन-जाऊन सगळा दिवस. पंचवीस वर्षं फळ्यावर लिहिलेल्या हाताला आता फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी जोडून केलेली शीर, आहे, त्यामुळं त्या हाताचं रक्त मी घेत नाही, बीपीही मोजू देत नाही. दुसऱ्या हाताच्या पंजावर शिर शोधत बसते. गुरुजी तेवढ्या वेळात मला व्याकरणाच्या चुका सांगतात, आमच्या भिंतीवरच्या पाटीतल्या.

मावशींचं काय झालं? डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी बदलून टेल्मिसार्टन दिली, ती रक्तदाबाबरोबर अल्ब्युमिनची गळती पण कमी करते. दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम परत बघायला सांगितलं, कारण ही गोळी सुरू केली की दोन्ही थोडं हलू शकतं. मधुमेहाचं मेटफॉर्मिन चालू ठेवलं. किडनीचा वेग ४५ च्या खाली गेला तर डोस कमी, ३० च्या खाली बंद. आणि मग विचारलं, दुखण्याची गोळी घेता का?

घेत होत्या. खुरपायला जायच्या दिवशी सकाळी एक, संध्याकाळी गुडघे फारच बोलले तर आणखी एक. चिठ्ठी कसली, मेडिकलवर 'ती लाल पट्टीतली द्या' म्हटलं की मिळते. डायक्लोफेनॅक. या गटातल्या गोळ्या किडनीकडं जाणारा रक्ताचा पुरवठा आवळतात. त्यात उन्हात दिवसभर घाम, रानात बायकांना आडोसा नाही म्हणून मुद्दाम कमी प्यायलेलं पाणी, आणि वर मधुमेह. डॉक्टर म्हणाले ही गोळी आजपासून बंद. दुखलं तर पॅरासिटामॉल, तीही विचारून.

मावशी बाहेर आल्या आणि माझ्या टेबलापाशी थांबल्या. डॉक्टरांना विचारायचं धाडस झालं नव्हतं, ते मला विचारलं. "ताई, किडनीचं समजलं. पण गोळी न घेता मी दोन पाळ्या खुरपू कशी? गुडघा टेकवतच नाही." मुलगा चपला घालत होता, त्यानं मान वर केली नाही. मला उत्तर आलं नाही. बसून खुरपायचं काम सोडून उभ्यानं होईल असं काही बघा, असं म्हणाले. मावशी हसल्या. उभ्यानं काय असतं म्हणे, फवारणी? ती बायांना देत नाहीत, आणि पोराला मी करू देत नाही.

मग तारखेची घासाघीस झाली. दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन, ते त्यांनी मान्य केलं, बाजारच्या दिवशी. तीन महिन्यांनी परत एसीआर आणि एचबीएवनसी, म्हणजे ऐन सोयाबीन काढणीत. "तेव्हा कुठं जमतंय? काढणीला चांगला रोज असतोय." मी म्हटलं, मग काढणीच्या आधी या. आधी पाऊस असतो म्हणाल्या, वाट बंद होते. शेवटी दिवाळीच्या अलीकडच्या आठवड्यावर तुटलं. डबी मी आत्ताच देऊन टाकली, सकाळी घरूनच पहिली लघवी घेऊन या म्हणून. त्यांनी ती पिशवीत, सातबाऱ्याच्या शेजारी टाकली. रिपोर्टाची पेन्सिल लावलेली झेरॉक्स मुलाकडं दिली. तो म्हणाला, व्हॉट्सॲपवर पाठवा, कागद हरवतो. पाठवला, आणि कागदही घे म्हणाले.